मुळशीतली अकरावी बाई

मुळशीला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या बार्शीतल्या बायका आधी एकच विचारतात, "धरण पाहिलं का?" पाहिलं. एकदा एसटीच्या खिडकीतून पाहिलं आणि एकदा पंक्चर झालेल्या स्कूटीशेजारी दगडावर बसून चांगलं तासभर पाहिलं. पण मी धरण बघायला गेलेच नव्हते. मी अकरा बायका शोधायला गेले होते.

गेली वीस वर्षं मी आरोग्याच्या संशोधनासाठी माहिती गोळा करते. डॉक्टर नाही, नर्सही नाही. घरोघर जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून आणायची. या खेपेचा विषय होता तांबी. शहरात कॉपर टी म्हणतात. बोटाच्या दोन पेरांएवढं प्लास्टिक, त्याला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. गर्भाशयात बसवली की दिवस राहत नाहीत, काढून टाकली की राहू शकतात. काही वर्षांपूर्वी एका सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर ज्यांनी ती बसवून घेतली आणि पुढे घरी येऊन विचारलं तर चालेल असं लिहून दिलं, त्यांना आता भेटायचं होतं. तांबी राहिली का, काढली का, आणि काढायचं कोणी ठरवलं. बहुतेक जणी आमच्या इतर माणसांना सापडल्या. अकरा उरल्या. कुणाचा फोन बंद, कुणाचा पत्ता अर्धवट.

आमचे सर म्हणाले, "मंगलताई, त्या अकरा जणींपुढे 'पत्ता लागला नाही' लिहून टाका. एवढं चालतं."

चालत असेल. माझ्या हातून चालत नाही. वीस वर्षांत ते तीन शब्द मी एकदाही लिहिलेले नाहीत. याला माझा नवरा हट्ट म्हणतो आणि मुलगी आजार म्हणते. दोघांनाही स्वयंपाकाचं समजावून सांगितलं आणि आठवड्याची बॅग भरली.

भुकूम, शुक्रवार

राहायची सोय शोभाताईंनी केली होती. शोभाताई म्हणजे भुकूमच्या आशा सेविका. गावातल्या गरोदर बायका, बाळांच्या लशी, सगळं त्यांच्या वहीत असतं आणि वहीत नसेल ते डोक्यात असतं. फोनवरच त्यांनी सांगून टाकलं होतं, "लॉजमंदी न्हाई राह्यचं. आमच्या चंद्राबाईंची बिल्डिंग हाय, तितं खोली बघितलीया."

पौड रस्त्याला आतल्या अंगाला ही तीन मजल्यांची बिल्डिंग. खाली मालकांचं घर, वर भाड्याच्या खोल्या. नांदेड, जळगाव, अमरावतीकडची पोरंपोरी हिंजवडीत नोकरीला जातात आणि इथे झोपायला येतात. मागे थोडी भातखाचरं अजून शिल्लक आहेत, आणि त्यांच्या बांधाला लागूनच नव्या सोसायटीचं कंपाउंड. खिडकीतून एकीकडे पेंढ्याची गंजी दिसते आणि दुसरीकडे पोहण्याचा तलाव. आमच्याकडे नळाला पाणी आलं तरी गल्लीभर ओरडून सांगतात. इथे नुसतं बघायला म्हणून एवढं पाणी भरून ठेवलेलं पाहून मला उगीचच राग आला.

मालकीण चंद्राबाई साठीच्या. गुडघे गेलेले, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी माझं माहेर, सासर, मुलंबाळं आणि पगार विचारून घेतला. मी पगार सोडून सगळं सांगितलं.

बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक फोटो होता. ताटात तांदूळ पसरलेले आणि त्यात बोटाने कोरलेलं नाव, 'गौरी'. शेजारी नव्या नवरीचा मेंदीचा हात.

"सुनंचं नाव," चंद्राबाई म्हणाल्या. "आमच्यात लग्नात नाव बदलत्यात. ह्ये म्या ठिवलं. कुणी म्हनलं असलं ठिवा, कुणी म्हनलं तसलं. म्या म्हनलं, न्हाई, गौरीच."

आमच्याकडेही ही चाल होती. माझंही लग्नात बदललं होतं, पण नवऱ्यालाच नवं नाव लक्षात राहीना म्हणून चार महिन्यांत मी परत मंगल झाले. इथे मात्र गौरी पक्की झालेली दिसत होती.

तेवढ्यात तीच चहा घेऊन आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, सावळी, कपाळावर डाव्या भुवईच्या वर जुन्या जखमेची खूण. कप ठेवून ती दाराशी उभी राहिली. मी तांबीच्या कामाला आले आहे हे शोभाताईंनी आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे चंद्राबाईंनी मला अर्धी डॉक्टर ठरवून टाकलं होतं.

"बाई, तुमी ते न होन्याचं बघताय. आमचं उलटं हाय," त्या म्हणाल्या. "नात सहा वर्सांची झाली. दुसरं काय राहत न्हाई. हिच्यातच कायतरी खोट हाय. दोन म्हैनं नंबर लावून ठिवला व्हता, येत्या गुरवारी पुण्याला मोठ्या डाक्टरकडं जायाचंय. सोनोग्राफी करनार हायेत. कळंल तरी एकदाचं."

मी म्हटलं, "जाताना मुलालाही न्या. तपासायचं तर दोघांना तपासतात."

"आमच्या पोराला काय धाड भरलीया?" चंद्राबाईंनी कप खाली ठेवला. मी चहाचा घोट घेतला. परक्या गावात, पहिल्याच दिवशी, पहिल्याच चहाला भांडण नको. गौरी मात्र माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, बरं वाटलं असेल तिला.

पौड आणि जांबे, शनिवार ते सोमवार

पौडच्या स्टँडवर माझी फजिती झाली. बायकांना दाखवायला म्हणून एक नमुन्याची तांबी मी नेहमी पर्समध्ये ठेवते. तिकिटासाठी पर्समध्ये हात घातला तर ती बाहेर पडली आणि बाकावरच्या एका आजोबांच्या पायाशी गेली. त्यांनी ती उचलून उन्हात धरली, फिरवून पाहिली आणि मला म्हणाले, "बाई, तुमचा गळ पडला. पर ह्याला मासा न्हाई घावायचा. टोकच न्हाई."

"लागू नये म्हणूनच आहे तो, बाबा," मी म्हटलं आणि बस आली म्हणून पळाले. आजोबा अजून विचार करत असतील.

पौडला तहसील कचेरीबाहेर सकाळपासून गर्दी. जमिनीचे कागद, गाड्या, इस्त्रीचे पांढरे कपडे. त्या गर्दीतून वाट काढत शोभाताई मला घेऊन जायच्या. कुणाचीही सून कुठे असते हे त्यांना ठाऊक, आणि नसेल ठाऊक तर ज्याला ठाऊक आहे तो ठाऊक. तीन दिवसांत दहा बायका सापडल्या. एकीचं घर पत्त्यावरच होतं, फक्त त्याच्यापुढे चार इमारती उभ्या राहिल्यामुळे आमच्या माणसाला दिसलं नव्हतं. पौडजवळच्या एकीने तीन प्रश्नांना दोन तास घेतले. मधे पावट्याची आमटी आणि तांदळाची भाकरी खायला घातली, नणंदेची सगळी हकिगत सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "तांबी व्हय? हाय की. विसरलेच व्हते मी तिला."

तांदळाच्या भाकरीचं मात्र सांगायला हवं. ज्वारीची भाकरी थापताना मोडली तर आपण पिठाला दोष देतो. इथे उकड काढून मळतात, आणि ती पांढरीशुभ्र भाकरी तव्यावर अशी फुगते की हात लावायला जीव होत नाही. चव बेताची लागली, खोटं कशाला बोलू. पण आमटीत कुस्करली की मऊ होऊन जाते. मी तीन खाल्ल्या.

जांब्याला उलटा अनुभव. हिंजवडीच्या कंपन्यांना लागून हे गाव, सगळी भाड्याची घरं. आमच्या यादीतली एक बाई मूळची अमरावतीची, सातव्या मजल्यावर राहणारी, लॅपटॉप उघडा ठेवून माझ्याशी बोलली. "मॅडम, मी रिमूव्ह केली. पाळीत हेवी ब्लीडिंग व्हायचं. डॉक्टरांशी बोलून दुसरी मेथड घेतली. डिसिजन माझंच. झालं ना? मला कॉल आहे." सात मिनिटं. पाणीसुद्धा तिने मिनिटं मोजून दिल्यासारखं दिलं. पण 'कोणी ठरवलं' या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मला क्वचितच मिळतं, म्हणून मी तिच्यावर खूश झाले.

रोज सकाळी गौरी वर चहा आणून द्यायची. भाड्यात चहा धरलेला नव्हता. कप देऊन ती रेंगाळायची आणि काहीतरी विचारायची. एके दिवशी म्हणाली, "ताई, ती तांबी पाच वर्सांची असती का दहा?"

"दोन्ही असतात. कार्डावर लिहिलेलं असतं."

"आन् कार्ड हरपलं तर?"

"तर जिथे बसवली तिथल्या नोंदीत सापडतं."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, सोनोग्राफीत शरीरातलं सगळंच दिसतं का. मी म्हटलं, "पोटातलं बरंच दिसतं." ती कप घेऊन खाली गेली. मी वीस वर्षं बायकांना प्रश्न विचारते आहे. एक बाई मला प्रश्न विचारत होती, तर ते का विचारते आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. मी यादीतली अकरावी शोधण्यात गुंतले होते.

धरणाकाठची वाडी, मंगळवार

अकरावी म्हणजे दीपाली. पत्ता एका वाडीचा, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या. शोभाताईंच्या स्कूटीवरून निघालो. सकाळचं धुकं पाण्यावरून उठत होतं आणि डोंगर एकामागे एक उघडे पडत होते. आमच्या मुलखात नजर थेट आभाळापर्यंत जाते. इथे प्रत्येक वळणाला डोंगर नजर अडवतो. मला ते दडपणाचं वाटत होतं, पण डोळे मात्र हटत नव्हते.

दीपालीच्या आईचं नाव हौसाबाई. बारीक चणीच्या, अंगणात बसून बारके मासे साफ करत होत्या. मी ओळख सांगितली. तांबी हा शब्द निघाल्याबरोबर त्यांचे हात थांबले.

"दीपाली हितं न्हाई. लगीन होऊन गेली."

"कुठे दिलीय?"

"लांब."

"गाव कुठलं?"

"लई लांब," म्हणाल्या आणि पुन्हा मासे साफ करू लागल्या. मग उठून भाकऱ्या टाकल्या, मासे तळले आणि आम्हाला जेवायला वाढलं. गावाचं नाव मात्र त्यांच्या तोंडून काढता आलं नाही. शोभाताईंनीही प्रयत्न केला. हौसाबाई म्हणाल्या, "माझी पोर सुखात हाय. तिला कुनी शोधू नगा."

हात धुवायला उठले तेव्हा आतल्या भिंतीवर शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो दिसला. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, हातात ढाल, खाली नाव 'कु. दीपाली'. डाव्या भुवईच्या वर जखमेची खूण.

रोज सकाळी ती मला चहा देत होती!

 हौसाबाईंना नमस्कार करून बाहेर पडले. परतीच्या वाटेवर स्कूटी पंक्चर झाली, शोभाताई चाक घेऊन एका टेम्पोतून पुढे गेल्या आणि मी दगडावर बसून धरणाकडे बघत राहिले. माझं डोकं तापलं होतं. सगळं एका ओळीत लागलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखान्यात नाव माहेरचं सांगितलं. तांबी बसवली, आणि पोरीला कुणी सांगितलंच नाही. असले प्रकार मी पाहिलेले आहेत. सहा वर्षं ती बिचारी सासूचं ऐकून घेते आहे, नवस करते आहे, आणि कारण तिच्याच अंगात आहे हे तिला माहीत नाही. आईला माहीत आहे म्हणून ती गाव सांगत नाही. परवा सोनोग्राफीत तांबी दिसली की सासू पोरीला उभी जाळेल. त्याच्या आत मी तिला सांगणार होते. कुणी अडवलं तरी सांगणार होते.

शोभाताईंना मी यातलं काही सांगितलं नाही. नोंदीतलं गुपित फक्त त्या बाईचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. हे मी एवढ्यासाठी सांगते आहे की पुढच्या चोवीस तासांत तो मीच मोडला.

भुकूम, बुधवार

सकाळी चहा आला नाही. खोलीच्या दारात उभी राहून मी वाट बघत होते. तेवढ्यात गौरी ओल्या कपड्यांची बादली घेऊन माझ्यासमोरून गच्चीकडे गेली. एकटी होती. हीच वेळ, असं मनाशी म्हणत मी तिच्यामागे धावले, आणि तीन दिवस जे नाव डोक्यात घोळत होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"दीपाली!"

जिना मोकळा. आवाज सरळ खाली गेला. खाली अंगणात चंद्राबाई तांदूळ निवडत होत्या.

"कोन दीपाली?" खालून आवाज आला. "हिचं म्हायेरचं नाव तितं कोन घेतंय?"

गौरी जागच्या जागी थांबली. मी तोंडावर हात ठेवला. खाली सूप ठेवल्याचा आवाज आला आणि चंद्राबाई जिना चढू लागल्या. दुखरे गुडघे, तीन मजले. आमच्याकडे चार-पाच मिनिटं होती.

गच्चीवर मी घाईघाईने सांगायला सुरुवात केली, "हे बघ, तुला कुणी सांगितलं नसेल, पण तुझ्या अंगात..."

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

तिने बादली खाली ठेवली.

"मीच बसवून घेतलीया. पोरगी झाली तवा लई रगात गेलं. तीन बाटल्या चढवल्या. मी मेले असं समजून आई रडत व्हती, मला ऐकाया येत व्हतं. सव्वा म्हैन्यानं दाखवाया गेले तवा मीच नर्सबाईला म्हनलं, मला बसवा. आईला ठाव हाय. ह्यांना ठाव हाय. रगतासाठी ह्येच पळाले व्हते. पर आत्याबाईंफुडं ह्यांच्या तोंडातनं शबुद फुटत न्हाई."

दगडावर बसून मी रचलेली सगळी गोष्ट तिने एका दमात मोडून टाकली. तिला बिचारी म्हणायची मला लाज वाटली. सहा वर्षं तिने आपल्या जिवाची राखण केली होती, आणि मी एका हाकेत ते सगळं चव्हाट्यावर आणलं होतं.

"मी सांभाळून घेते," मी म्हटलं. "यादीतली दुसरीच कुणी दीपाली आहे, चुकून हाक मारली, असं सांगते."

"नगं." ती बादलीतली साडी पिळत होती. "उद्या सोनोग्राफीत दिसनारच हाय. दोन म्हैनं त्याच भ्यानं जेवन जात न्हाई. काढून टाकावी असंबी मनात आलं. मंग पोरीकडं बघितलं. तुमी मला येवढंच सांगा, ती पाच वर्सांची का दहा?"

मी यादी काढली. दीपालीच्या नावापुढे पाहिलं. "दहा."

"मंग अजून चार हायेत," ती म्हणाली आणि साडी दोरीवर टाकली.

चंद्राबाई गच्चीच्या दारात आल्या. दम लागला होता, पण प्रश्न तयार होता. "बाई, हिचं म्हायेरचं नाव तुमाला कुनी सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत गौरी पुढे झाली. "त्येंच्या वहीत हाय. आत्याबाई, माझ्यात खोट न्हाई. मी तांबी बसवलीया. पोरगी झाल्यावर, म्हायेरी. मला दुसरं नगं."

चंद्राबाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण पहिला शब्द निघाला तो भलताच.

"म्हंजी माझ्या पोरातबी खोट न्हाई?"

"न्हाई."

"तीन वर्सं मला झोप न्हाई त्या काळजीनं," चंद्राबाई म्हणाल्या. मग आवाज चढला. "आन् मी चार गावांत तुझ्यात खोट हाय म्हनून सांगत फिरले. तू ऐकून घेतलंस?"

"घेतलं. मेले असते तर ऐकाया तरी कोन असतं?"

"रगात गेलं ते मला कुनी सांगितलं न्हाई!"

"ह्येंनी सांगितलं व्हतं. तुमी म्हनला, बाईच्या जातीचं रगात जायाचंच."

चंद्राबाईंनी मान वळवून खाली पाहिलं. खालच्या रस्त्यावरून कंपनीच्या बसगाड्या जात होत्या. शेवटी त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. "गुरवारी जायाचं म्हंजी जायाचं. मला डाक्टरच्या तोंडनं ऐकायचंय," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "आन् तुमी आजच्या आज खोली मोकळी करा."

मी केली. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आत्ताही वाटत नाही. माझी चूक होती, आणि तिची किंमत गौरीने मोजायची वेळ आणली होती मी. फाटकाशी ती मला सोडायला आली. मी माफी मागितली, हात जोडून मागितली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्याच्यानं झालं नसतं. धक्का बसला म्हनून झालं. माझ्याफुडं काय लिवनार तुमी?"

"तू सांगशील ते. नको म्हणालीस तर काहीच नाही."

"गुरवारनंतर सांगते," ती म्हणाली.

पौड, गुरुवार

मुक्काम शोभाताईंनी आपल्या पौडच्या बहिणीकडे लावून दिला होता. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. सरांचा फोन आला, "अकरावीचं काय? पत्ता लागला नाही ना?"

"थांबा," मी म्हटलं आणि ठेवून दिला. सरांचा फोन मी पहिल्यांदाच असा ठेवला.

पौडहून पुण्याची बस पकडली. पिरंगुटच्या पुढे गर्दीत बस उभी असताना फोन वाजला. गौरी होती, आणि मागे दवाखान्यातला गलका.

"ताई, झालं. सोनोग्राफीत दिसली. नीट जागेवर हाय. आत्याबाईंनी डाक्टरीनबाईंना इचारलं, हिला दुसरं झालं तर हिच्या जिवाला धोका हाय का. त्या म्हनल्या, मोठ्या दवाखान्यात लई जपून करता येईल, न्हाई असं न्हाई, पर ते हिनं ठरवायचं. मला इचारलं. मी न्हाई म्हनलं."

"आणि चंद्राबाई?"

"बोलत न्हाईत. माझ्याशीबी न्हाई, ह्यांच्याशीबी न्हाई. कालपासनं पाच मानसांचा सैपाक करत्यात आन् स्वोता जेवत न्हाईत." मग म्हणाली, "तुमी प्रश्न इचारा. तुमचा कागुद भरून घ्या."

गर्दीत अडकलेल्या बसमध्ये खिडकीला टेकून, गुडघ्यावर कागद ठेवून मी अकरावा फॉर्म भरला. राहिली का? राहिली. काही त्रास? पाळी थोडी जास्त जाते. ठेवायचं कोणी ठरवलं? "मी," ती म्हणाली. जांब्याच्या बाईने 'डिसिजन माझंच' म्हटलं होतं, त्याला सात मिनिटं लागली होती. हिला सहा वर्षं लागली. ही हकिगत लिहायलाही मी नंतर तिची परवानगी घेतली. यातली सगळी नावं, तिची दोन्हीसुद्धा, मी बदलली आहेत.

बार्शी

सरांनी अकरा फॉर्म पाहिले आणि शाबासकी दिली. मला ती नीट घेता आली नाही. एका बाईच्या घरात भिंत घालून मी निघून आले, हे राहून राहून मनात यायचं. गौरीला फोन करावासा वाटायचा, पण पुन्हा हाक मारायची माझी हिंमत होत नव्हती.

गेल्या रविवारी दुपारी ज्वारी निवडत बसले होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. असे फोन मला येतात. यादीतल्या बायका नंबर जपून ठेवतात आणि काहीबाही विचारतात.

"ती तांबी चार वर्सांनी बदलायची, तवा कुटं जायाचं?" पलीकडून एक बाई म्हणाली. नाव नाही, गाव नाही, एकदम प्रश्न. "पौडला करत्यात का? का पुण्यालाच न्यावं लागंल? आन् बदलताना रगात जातं का? आधी काय खायाप्यायाचं बघावं लागतं?"

मी एकेक उत्तर दिलं. घाई नको, अजून वेळ आहे, शोभाताईंना विचारलं तरी सांगतील. पलीकडे कुणीतरी लहान मुलगी काहीतरी मागत होती आणि बाई तिला थांब म्हणत होत्या. आवाज ओळखीचा होता, पण इतका खालच्या पट्टीत मी तो कधी ऐकला नव्हता.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"कोन म्हंजी?" आवाज चढला. "दीपालीची सासू."